विश्लेषण : ‘पीजे’चे डबे कुणी जपायचे?

पिशोरला रेल्वे नाही. पण कन्नड तालुक्याचा डोंगर उतरून खानदेशात गेले की पाचोऱ्याला एक छोटी गाडी भेटायची. पाचोरा–जामनेर, लोकांच्या तोंडी नुसती ‘पीजे’. दोन रुळांत अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करत ती ५६ किलोमीटरवरच्या जामनेरला पोहोचायची. सुमारे शंभर वर्षे धावलेली ही गाडी मार्च २०२० मध्ये करोनामुळे थांबली, ती थांबलीच. आता हा मार्ग ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत न्यायचा आहे.

तो व्हायलाच हवा. आठवणींसाठी कुणी मोठी गाडी अडवू नये. प्रश्न जुन्या डब्यांचा आहे.

डबेच का?

गेज बदलले की इंजिनाला स्टेशनासमोर चौथरा मिळतो, डबे मात्र बहुधा भंगाराच्या लिलावात जातात. इंजिन देखणे असते, फोटोत शोभते. पण बाजारची पाटी, लग्नाचे वऱ्हाड, तालुक्याच्या शाळेत जाणारी पोरे हे सगळे डब्यात बसले. बाकांची रुंदी, दाराची उंची, खिडकीचे गज यांतून त्या प्रवासाचा जो अंदाज येतो, तो इंजिनाकडे बघून येत नाही.

गार्डच्या ब्रेकव्हॅनचे तर नावच पुसले जात आहे. पूर्वी चालकाची शिट्टी ऐकून गार्ड मागच्या डब्यात चाक फिरवून हातब्रेक आवळायचा. २०२२ मध्ये रेल्वेने ‘गार्ड’ हे पदनाम बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केले. मालगाड्यांच्या शेपटीला व्हॅनऐवजी यंत्र लावण्याचे कामही सुरू आहे. उद्या मुलांना ब्रेकव्हॅन दाखवायची तर दाखवणार कुठे?

जतन म्हणजे रंगरंगोटी नव्हे

आपल्याकडे वारसा जपणे म्हणजे चकचकीत ऑइलपेंटचा हात मारणे, असा समज आहे. त्याने नुकसानच होते. आधी छप्पर. पाणी वरून मुरते, तळाच्या कोपऱ्यात साचते आणि लाकूड जिथे लोखंडाला टेकते तिथे गंज व कूज एकदमच सुरू होतात. काही उचकटण्यापूर्वी मापे आणि फोटो घ्यावेत. रंग खरवडायचा तर आधी तळहाताएवढा तुकडा. खालचे थर दिसले की डबा कोणत्या काळात कोणत्या रंगात होता ते कळते. मग डबा कोणत्या वर्षाचा दाखवायचा ते ठरवावे. काढलेली कडी, बिजागरी फेकू नये. आणि हे सगळे करून डबा उन्हापावसात ठेवला तर पैसे पाण्यात. वर पत्र्याची शेड हवीच.

हे जमते का?

नागपूरला मोतीबाग येथे २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे. १९०७ पासूनची माथेरानची गाडी अजून घाट चढते. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे तर १९५१ पासून स्वयंसेवक चालवतात. तिथे १८६० च्या दशकातले मूळ डबे आणि ब्रेकव्हॅन आजही रुळांवर आहेत. त्या व्हॅनला तिकीटखिडकी आहे. मधल्या थांब्यांवर गार्डच तिकिटे विकायचा. व्हॅन भंगारात गेली असती तर ही गंमत कुठल्या कागदावरून कळली असती?

पीजेसाठी मागणी मोठी नाही. मध्य रेल्वेने एक प्रवासी डबा आणि गार्डचा एक डबा राखून ठेवावा, त्यांच्या नंबरप्लेट आणि दुरुस्तीच्या नोंदींसह. पाचोरा किंवा शेंदुर्णीत जागा व शेड नगरपालिकेने, नगरपंचायतीने द्यावी. पहूरवरून अजिंठ्याला जाणारे पर्यटक तसेही त्याच भागातून जातात. आणि डब्यांना हात लावण्याआधी या मार्गावरच्या निवृत्त फिटर-गार्डना बोलवावे. कोणता बोल्ट कुठे अडतो, कोणती खिडकी कशी उघडते, हे त्यांनाच ठाऊक आहे.