निळीखालची जमीन

मराठी घरात नीळ म्हणजे पांढऱ्या कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात टाकायचे दोन-चार थेंब. बिहारमधल्या चंपारणात नीळ म्हणजे सक्ती होती. तिथल्या ‘तीनकठिया’ पद्धतीत कुळाला दर वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत मळेवाल्यासाठी नीळ लावावी लागे. १८९७ साली जर्मनीतली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि या पिकाचे दिवस भरले, पण कुळे सुटली नाहीत. नीळ न लावण्याची मोकळीक हवी, तर वाढीव खंड किंवा एकरकमी पैसे मोजा, अशी नवी अट आली. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणात गेले ते याच तक्रारी ऐकायला. पुढच्या वर्षी कायद्याने तीनकठिया संपली.

शेली ज्योती ही समकालीन कलाकार हा इतिहास कापडावर आणते. चंपारणची नीळ आणि दांडीचे मीठ हे तिचे विषय. खादी हे तिचे माध्यम, आणि त्यावरची ठशांची अजरख छपाई ती कच्छमधल्या कारागिरांसोबत करते.

ही निवड केवळ शोभेची नाही. अजरखच्या कापडाला आधी हिरड्याचे पाणी पाजतात. चुना आणि डिंक जिथे छापला, तिथे रंग पोचत नाही. काळा रंग गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून मिळतो. निळीच्या हौदातून कापड हिरवट निघते आणि वारा लागल्यावर निळे होते. माती, पाणी आणि हवा यांच्यावाचून हा रंग उमटतच नाही. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका या अजरखच्या गावी पाण्यात लोह वाढले, रंग बिघडू लागले. म्हणून अजरख छापणाऱ्या अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर वसवले. जमीन हलली, तसा रंगाचा पत्ताही बदलला.

अशा कलेत एक धोका असतो. निळा रंग इतका देखणा, की सक्तीची आठवणही देखणी होऊन बसावी. त्यावर उपाय साधा आहे. प्रदर्शनात चित्राशेजारच्या पाटीवर कलाकाराच्या नावाखाली ठसा उठवणाऱ्याचे आणि रंगवणाऱ्याचेही नाव असावे. चंपारणची नीळ पेट्यांत भरून युरोपात पोचली, तेव्हा ती पिकवणाऱ्याचे नाव त्या पेटीवर नव्हते. त्या निळीची आठवण सांगणाऱ्या कापडाने तरी ते विसरू नये.