चिखलातील काम आणि पायांतील जोडा

आषाढाच्या सुमारास नवापूर तालुक्यातील कोणत्याही शिवाररस्त्यावर सकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर एक गोष्ट सहज नजरेस पडते. शेताकडे निघालेला मनुष्य घरून वहाणा घालून निघतो, वाटेत नाला लागला की त्या हातात घेतो, आणि शेताच्या बांधाशी आला की त्या काढून कोरड्या जागी नीट मांडून ठेवतो. मग तो अनवाणी चिखलात उतरतो. जेथे जमीन कोरडी आहे आणि साप असलाच तर दुरून दिसतो, तेथे पायांना संरक्षण. आणि जेथे पाणी आहे, गवतात काय दडले आहे ते दिसत नाही, तेथे पाय उघडे, असा हा उलटा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तो अज्ञानापोटी चालतो, असे मात्र नव्हे. कातडी वहाण दोन दिवस भिजली की शिवण सुटते, बुरशी धरते, आणि वाळल्यावर लाकडासारखी कडक होते. चपलेचा पट्टा चिखलात तुटतो. जुन्या टायरची चप्पल काट्यांस दाद देत नाही हे खरे, परंतु ती गाळात रुतून बसते. तेव्हा जोडा भिजू नये म्हणून पाय भिजविले जातात.

यावर ‘शेतकऱ्यांनी गमबूट वापरावेत’ एवढे सांगून मोकळे होण्याची रीत विस्तारकार्यात पडून गेली आहे. हा सल्ला अर्धाच खरा आहे. ज्याने तो ऐकून एकदा गमबूट घेतला आणि भाताच्या लावणीत तो चिखलात अडकून पाय तेवढा बाहेर आला, त्या शेतकऱ्याचा त्यानंतर कोणत्याच बुटावर विश्वास उरत नाही. दोष बुटाचा नसतो. तो कोठे घालावा, हे कोणी सांगितलेले नसते.

पाय सतत ओले राहिल्याने काय होते, हे लावणीच्या दिवसांत घरोघर दिसते. बोटांच्या बेचक्यांतील कातडी प्रथम पांढरी व मऊ पडते, मग सोलते, आणि चिखल्या होतात. त्यांत बुरशीचा संसर्ग होतो व आग सुटते. ऊन पडू लागले की मऊ झालेल्या टाचांना भेगा पडतात. येथवरचे दुखणे शेतकरी अंगावर काढतो. परंतु ही सोललेली कातडी म्हणजे उघडे दार असते. उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरणारे लेप्टोस्पायरा हे जंतू अशाच जखमांतून रक्तात शिरतात. नवापूरच्या हद्दीला लागून असलेल्या दक्षिण गुजरातेतील भात व उसाच्या पट्ट्यात लेप्टोस्पायरोसिसचा उपद्रव अनेक वर्षांपासून आहे, आणि नंदुरबार जिल्ह्यातील मजूर त्याच पट्ट्यात कामाला जात-येत असतात. लावणीनंतरच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळ्यांत लाली दिसली, तर तो साधा ताप समजून घरी राहू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे आणि पाण्यात काम केल्याचे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. अंकुशकृमीला तर जखमही लागत नाही. जेथे उघड्यावर शौचास बसतात, तेथील ओल्या मातीतून त्याची अळी अनवाणी पायाच्या धड कातडीतून आत जाते, आतड्यात घर करते आणि रक्त शोषते. थकवा येतो, काम होत नाही, आणि दोष मात्र अन्नाला दिला जातो.

सापाविषयी वेगळे सांगण्याची गरज पडू नये. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडण्यात आला. त्यांतील सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील होते. दंश बहुधा पायालाच होतो. घोट्याच्या वर जाणारे जाड रबर हा धोका पुष्कळ कमी करते. पूर्ण हमी ते देत नाही, कारण घोणसाचे दात लांब असतात. आणि रात्री जमिनीवर झोपलेल्यास मण्यार चावते, तेथे बुटाचा काहीच उपयोग नाही.

ओल्या जागी पाय कोरडे कसे ठेवावेत, हा प्रश्न शेतकऱ्याआधी सैन्यांनी मोठी किंमत देऊन सोडविला, आणि त्याची दोन निरनिराळी उत्तरे निघाली. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जममधील खंदकांत थंड पाण्यात उभे राहून हजारो सैनिकांचे पाय सडले. त्या वेळी एडिंबरो येथील एका कारखान्याने ब्रिटिश सैन्यास सुमारे १२ लाख जोड उंच रबरी बूट पुरविले. पुढे १९६० नंतरच्या दशकात व्हिएतनामच्या भातखाचरांत अमेरिकी सैनिकांवर तशीच पाळी आली. तेथे पाणी उबदार होते, आणि पुष्कळदा बुटाच्या काठाच्या वर चढत होते. दोन-तीन दिवस पाय सतत ओले राहिले की कातडी सुजून चालणे अशक्य होई. त्या सैन्याच्या जंगली बुटाला वरचा भाग कापडी होता आणि आतील बाजूस, कमानीपाशी, पाणी वाहून जाण्यासाठी चक्क भोके ठेवलेली होती. पाणी येणारच असेल, तर त्यास बाहेर जाण्यास वाट हवी, हे त्यामागील तत्त्व. रात्री पाय पूर्ण कोरडे करण्याचा सल्लाही तेथील वैद्यांनी दिला होता.

नंदुरबार जिल्ह्यात ही दोन्ही प्रकारची ओल आहे, पुष्कळदा एकाच तालुक्यात. म्हणून जोडा घेण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न एकच: पाणी बुटाच्या काठाच्या खाली राहणार, की वर जाणार?

अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात ते वर जाणार, हे धरूनच चालावे. तेथील पायवाट एका खेपेत तीन-चार वेळा ओढा ओलांडते. अशा वाटेवर गमबूट हा धोकाच आहे. गुडघाभर पाण्यात तो वरून भरतो, पाऊल जड होते आणि गुळगुळीत दगडावर तोल जातो. ओढ्याच्या वेगात भरलेला बूट पायातून काढताही येत नाही. तेथे मागे पट्टा असलेला, पुढून बोटे झाकणारा, बाजूने भोके असलेला प्लास्टिकचा जोडा अधिक उपयोगी. तो आठवडे बाजारात थोडक्या पैशांत मिळतो आणि झटकला की वाळतो. त्याचा तळ मात्र हाताने वाकवून पाहावा. कडक व सपाट तळ ओल्या दगडावर साबणासारखा सरकतो. मऊ आणि खोल खाचांचा तळ धरून ठेवतो. हा जोडा पाय कोरडे ठेवीत नाही, ओले राहू देतो, पण लवकर वाळू देतो. सापापासून मात्र त्याचे संरक्षण थोडे, हे ध्यानात असावे.

भातलावणीचा प्रश्न खरोखरच कठीण आहे, आणि येथे प्रामाणिकपणे बोलावयास हवे. चिखलणी केलेल्या खाचरात साधा गमबूट चालत नाही. गाळ त्यास खालून ओढतो, आणि मागे मागे सरत रोपे लावणाऱ्या स्त्रीला प्रत्येक पावलास झटका द्यावा लागतो. जपानात यासाठी पातळ रबराचे, पायास घट्ट बसणारे, पोटरीवर पट्ट्याने आवळावयाचे लांब बूट वापरतात. ते मोज्यासारखे अंगास चिकटतात, म्हणून गाळात सुटत नाहीत. आपल्या बाजारांत तसे बूट सहजासहजी दिसत नाहीत, आणि ते उपलब्ध करून देणे हे अवजारांच्या योजना आखणाऱ्यांचे काम आहे. मजुरांना मळणीयंत्राचे दर पाठ असतात. या बुटाचे नावही त्यांच्या कानावर गेलेले नाही. तोपर्यंत लावणी करणाऱ्यांनी दुपारी जेवणाच्या वेळी पाय स्वच्छ पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह पुसून, तासभर तरी कोरडे ठेवावेत. खाचरात उतरताना पायांस तेल चोळण्याची जुनी चाल चांगली आहे. चिखल्या झालेल्या असतील, तर त्या दिवशी बांधावरचे काम घ्यावे.

गमबुटाची खरी जागा याखेरीज उरलेल्या कामांत आहे, आणि ती कामे थोडी नाहीत. पहाटेच्या ओल्या गवतातून वैरण आणणे, निंदणी, शहादा-तळोद्याकडे ऊस आणि केळीस पाणी देणे, भात व सोयाबीनची कापणी. विशेषतः रात्रीची वीज असेल तेव्हा मोटार सुरू करावयास जाणाऱ्याने गमबूट आणि बॅटरी यांवाचून घराबाहेर पडू नये. फवारणीतही तो हवाच. कातडी वहाण औषध शोषून घेते आणि मग रोज थोडे थोडे पायाला देते. फवारताना विजारीचा पाय बुटाच्या बाहेर सोडावा, आत खोचू नये, नाहीतर अंगावरून ओघळलेले औषध थेट बुटात साचते. गवतातून चालताना नेमके उलट करावे.

गमबूट घेताना दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहण्याचे कारण नाही. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभराच्या कामाने पाऊल थोडे फुगलेले असते. जाड मोजा घालून बूट चढवावा; पुढे बोटे हलली पाहिजेत, आणि चालताना टाच फार वर उचलता कामा नये. टाच उचलली तर तो काळ्या जमिनीत पहिल्याच दिवशी सुटेल. उंची पोटरीच्या मध्यापर्यंत पुरते. तळाच्या खाचा रुंद व एकमेकींपासून दूर असाव्यात. बारीक खाचांत तापीकाठची काळी माती भरते आणि प्रत्येक पाऊल शेर-दोन शेरांनी जड होते. गळती पाहावयाची असेल, तर बुटाचे तोंड घट्ट मुठीत आवळून तो बादलीत दाबावा. बुडबुडे आले की तो परत करावा. स्वस्त पीव्हीसी बूट घोट्याच्या घडीवर चिरतो, म्हणून तेथे अंगठ्याने दुमडून पाहावे. नैसर्गिक रबराचा बूट महाग पडतो, पण अधिक मऊ असतो आणि पायास सोसतो.

एवढे करूनही पाय ओले होतातच, घामाने. रबर बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, त्याचप्रमाणे आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून दोन जोड मोजे असणे ही चैन नव्हे. दुपारी बदलावयास ते लागतातच. घरी आल्यावर बूट आतून पुसावा, त्यात रद्दी कागद किंवा वाळलेला पेंढा कोंबावा आणि तो वाऱ्याला ठेवावा. चुलीजवळ ठेवल्यास तो वाकतो व चिरतो. सकाळी घालण्यापूर्वी उलटा करून आपटावा. विंचवाला ही जागा फार आवडते. मधुमेहाने अगर कुष्ठरोगाने ज्यांच्या तळपायाची संवेदना गेली आहे, त्यांनी बूट काढल्यावर दररोज पाय डोळ्यांनी तपासावेत, कारण घासलेली जागा त्यांना दुखणार नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू नवापुरात आढळला, तेव्हा कोंबड्या नष्ट करणारे कर्मचारी नखशिखान्त संरक्षक पोशाखात वावरताना सर्व गावाने पाहिले. कोंबड्यांच्या आजारात माणसाचा पाय झाकावा, हे तेव्हापासून कुक्कुटपालकास पटवावे लागत नाही. बांधकामावरील मजुराला बूट हवा, हेही सर्वमान्य आहे. भाताच्या बांधावर मात्र जोडा अद्याप कपड्यांच्या खात्यात मोडतो. विळा किंवा फवारणीपंप यांच्या खात्यात नाही. त्याचा परिणाम असा की तो सणाला घेतला जातो, आणि बाजारास जाणाऱ्याला मिळतो. बाजारास पुरुष जातो. खाचरात वाकून दिवसभर उभी असते ती घरातील बाई, आणि तिच्या पायात बहुधा काही नसते. गटातून किंवा संस्थेकडून बूट वाटावयाचे झाले, तरी मागणी पुरुषी मापांची जाते. सहा नंबरच्या खाली कोणी विचार करीत नाही. मोठा बूट घालून बाई दोनदा पडली की तो ओसरीच्या खुंटीला लागतो, आणि वर्षअखेर अहवालात ‘महिलांना बूट आवडत नाहीत’ अशी नोंद होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने या ज्येष्ठात खांडबारा, विसरवाडी, मोलगी किंवा धडगावच्या बाजाराला जाणाऱ्या शेतकऱ्यास एवढेच सांगावे. आदल्या संध्याकाळी घरातील जी व्यक्ती सर्वांत जास्त वेळ ओल्यात काम करते, तिला जाड कागदावर उभे करावे, दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवावी, आणि पोटरीचा घेर दोरीने मोजून त्या दोरीला गाठ मारावी. कागद कापून दुकानात बुटाच्या आत सरकवून पाहावा. कडा दुमडली तर तो बूट लहान आहे, आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीहून अधिक जागा उरली तर तो मोठा आहे.