एक आडनाव, अनेक लेखक

मराठी वाङ्मयाच्या वर्गात नुसते ‘देशपांडे’ म्हणून भागत नाही. कोणते देशपांडे, हा प्रश्न लगेच उभा राहतो आणि त्याचे उत्तर आपण आद्याक्षरांनी देतो : पु. ल., पु. य., ना. घ., गो. पु., अ. ना. यांतली पहिली जोडी मोठी बोलकी आहे. दोघेही पुरुषोत्तम आणि दोघेही देशपांडे. दोघांत फरक राहतो तो वडिलांच्या नावाच्या एका अक्षराचा. पु. य. देशपांडे यांना ‘अनामिकाची चिंतनिका’ या तत्त्वचिंतनपर ग्रंथासाठी १९६२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पु. लं.ना ‘व्यक्ती आणि वल्ली’साठी १९६५ मध्ये. नावाने इतके जवळ असलेले हे दोन लेखक वृत्तीने आणि भाषेने एकमेकांपासून किती दूर आहेत, हे ज्याने दोन्ही पुस्तके वाचली आहेत त्याला सांगावे लागत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आपल्या चर्चांत रूढ झालेला एक शब्दप्रयोग. ‘देशपांडे-कुलकर्णींचे साहित्य’ असे म्हटले की एक संपूर्ण कालखंड निकालात निघतो. विद्यार्थीही ते उचलतात आणि उत्तरपत्रिकेत आडनावावरून लेखकाची जात, जातीवरून त्याची जाणीव आणि जाणिवेवरून साहित्याची प्रत ठरवून मोकळे होतात. या प्रयोगामागची सामाजिक तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की आडनाव हा सामाजिक इतिहासाचा पुरावा आहे, वाङ्मयीन मूल्यमापनाचा निकष नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की दोन्ही नीट कळत नाहीत.

आधी पुराव्याचे पाहू. देशपांडे हे मुळात कुळाचे नाव नाही, ते वतनाचे नाव आहे. परगण्याच्या महसुलाचे दफ्तर देशपांड्याकडे असे, गावचे दफ्तर कुलकर्ण्याकडे. हे वतन एकाच जातीकडे नव्हते. घोडखिंड लढवणारे बाजीप्रभू देशपांडे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते. मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द केली. वतन गेले, आडनाव राहिले. लेखणी ज्या घरांत वंशपरंपरेने होती, त्या घरांची नावे छापील साहित्यात आधी आणि अधिक दिसावीत यात नवल नाही. याच ग्रामव्यवस्थेच्या दुसऱ्या टोकाला बलुतेदार होते. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले, तेव्हा ज्यांची नोंद दफ्तरात दुसऱ्याच्या हाताने होत आली होती, त्यांतला एक जण स्वतःच्या हाताने ती लिहू लागला होता. मात्र इथेही आडनाव दगा देतेच. दया पवार आणि ऊर्मिला पवार यांचे आडनाव अनेक मराठा घराण्यांचेही आहे. केवळ ‘पवार’ या शब्दावरून कोण काय ओळखणार?

दुसरा पुरावा स्त्रियांच्या नावांचा आहे आणि त्याकडे आपले लक्ष फारच कमी जाते. कुसुमावती देशपांडे माहेरच्या जयवंत, सुनीता देशपांडे माहेरच्या ठाकूर. गौरी देशपांडे इरावती कर्व्यांच्या कन्या आणि महर्षी कर्व्यांची नात. इंग्रजीत लिहिणाऱ्या शशी देशपांडे या कन्नड नाटककार श्रीरंग यांच्या कन्या. म्हणजे ज्यांना आपण एका आडनावाखाली गोळा करतो, त्यांतल्या या चौघींकडे ते आडनाव विवाहातून आले. आणि गौरीबाईंच्या कथांत, सुनीताबाईंच्या ‘आहे मनोहर तरी’मध्ये, शशी देशपांडे यांच्या ‘दॅट लाँग सायलेन्स’मध्ये तपासणी चालली आहे ती त्याच विवाहसंस्थेची. ज्या नावाने पुस्तकावर सही होते, ते नाव कसे आणि कशाच्या बदल्यात मिळाले, हा या लेखनाच्या गाभ्यातला प्रश्न आहे. कप्पा ‘देशपांडे’ असा पाडला की नेमका हाच प्रश्न त्यात गडप होतो.

आत्माराम रावजी देशपांडे आणि कुसुमावती यांचे उदाहरण तर विलक्षणच. जन्माने देशपांडे असलेल्या कवीने ‘अनिल’ हे नाव घेतले आणि कवितेपुरते आडनाव बाजूला ठेवले. माहेरच्या जयवंत असलेल्या कुसुमावतींनी मात्र कथा आणि समीक्षा देशपांडे या नावाने लिहिली. ‘पासंग’ आणि ‘मराठी कादंबरीचे पहिले शतक’ या ग्रंथांनी त्या नावाला स्वतंत्र वजन दिले. अनिल १९५८ मध्ये मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. कुसुमावती १९६१ मध्ये ग्वाल्हेरला झाल्या आणि संमेलनाध्यक्षपदी आलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. एकाच घरातल्या दोघांचे आडनावाशी असलेले नाते जर इतके भिन्न, तर आडनावावरून साहित्याची जातकुळी सांगणारा समीक्षक नेमके काय सांगत असतो?

मेहकरला वकिली करत ‘शीळ’सारखी गीते लिहिणारे ना. घ. आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनचा अभ्यास शिकवत ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ लिहिणारे गो. पु. यांना एका वाक्यात बसवणारे विधान साहित्याविषयी असूच शकत नाही. ते फार तर समाजाविषयी असेल, आणि तसे असल्यास त्याने इतिहासाची शिस्त पाळावी. वतन कोणते, काळ कोणता, नाव जन्माचे की विवाहाचे, हे विचारावे.

ग्रंथालयाच्या तालिकेत हे सारे शेजारी शेजारी लागतात, कारण तालिकेला अकारविल्हे सोडून दुसरे काही पाहायचे नसते. ती तिची सोय आहे. शिक्षकाने आणि समीक्षकाने ती सोय आपली मानू नये.