आरंभ मण्यापासून करावा

मराठी घरात लग्नाच्या निमित्ताने मंगळसूत्र पाहायला घेतले की, हात प्रथम वाट्यांकडे जातो. सोने किती, घडणावळ किती, पेढी कोणती, असे प्रश्न ओळीने येतात. परंतु ज्या काळ्या मण्यांवाचून तो अलंकार मंगळसूत्र ठरत नाही, ते काचेचे मणी कोणी केले, कोणत्या गावात आणि कोणत्या ज्योतीपुढे बसून केले, हे सहसा कोणी विचारीत नाही. धातूचा तोळा आपण काट्यावर तोलतो. मणी मात्र मूठभर घेतो आणि विसरून जातो. सौभाग्याचे लेणे म्हणून ज्याला आपण गळ्यात मान देतो, त्याच्या कर्त्याविषयीची आपली ही उदासीनता विचार करण्याजोगी आहे.

या विचाराला निमित्त झाले ते एका नव्या कलेचे. गेल्या काही वर्षांत शहरांतील अनेक सुशिक्षित गृहिणी आणि तरुणी घरी अलंकार घडविण्याकडे वळल्या आहेत. त्यांत ‘चांदीची माती’ हा प्रकार कुतूहलाचा ठरला आहे. चांदीचे अत्यंत सूक्ष्म चूर्ण, त्याला धरून ठेवणारे सेंद्रिय बंधक द्रव्य आणि पाणी यांचा हा गोळा. कणकेसारखा मळावा, लाटावा, पिंपळपानाचा ठसा उमटवावा, वाळवावा आणि भट्टीत भाजावा. बंधक जळून जाते, चांदीचे कण एकमेकांस घट्ट चिकटतात आणि हाती येते ती शुद्ध चांदी. चांदी वितळते ९६१ अंश सेल्सिअसला. ही माती मात्र प्रकारानुसार साधारण ६५० अंशांपासून पुढे, वितळण्याच्या बऱ्याच अलीकडे, भाजून निघते. त्यामुळे सोनाराची मूस आणि ओतकाम यांचे शिक्षण नसलेल्या व्यक्तीलाही चांदीला आकार देता येतो. १९९०च्या सुमारास जपानमधील मित्सुबिशी मटेरियल्स या उद्योगाने ही माती सिद्ध केली आणि पुढे आयडा केमिकल या तिथल्याच उद्योगानेही आपला प्रकार बाजारात आणला. आता काचेचे मणी करणारे हौशी कारागीर या चांदीची जोड आपल्या मण्यांना देऊ लागले आहेत.

स्वदेशीचे व्रत मानणाऱ्या घराने याकडे कसे पाहावे? परकीय म्हणून नाक मुरडावे, की नवे म्हणून डोळे झाकून पेटी मागवावी? माझ्या मते दोन्ही मार्ग चुकीचे आहेत, आणि याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासात आहे.

अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने एक पैसा द्यावा, या कल्पनेतून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले. त्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगाव येथे जो कारखाना उभा राहिला, तो काचेचा होता. त्याची धुरा सांभाळण्यास आले ईश्वरदास वार्ष्णेय. उत्तर प्रांतातील हा तरुण काचविद्या शिकण्यासाठी जपानला आणि अमेरिकेला गेला होता. विद्या परदेशातून आली, भांडवल सामान्य जनतेचे होते, हात इथले होते आणि शिकून तयार झालेले कारागीर देशाच्या कामी आले. पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीने ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोचविला, त्यामागेही काचेचीच जिद्द होती. ज्यांनी विदेशी कापडाची होळी केली, त्यांनी विदेशातील ज्ञानाची होळी कधीच केली नाही. मात्र ते ज्ञान इथे आणून त्यांनी ते इथल्या भट्टीत मुरविले. जपानच्या चांदीच्या मातीलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

ती मुरविण्यासाठी लागणारी भूमी आपल्याकडे पुरातन आहे. शतपथ ब्राह्मणात अश्वमेधाच्या अश्वाच्या आयाळीत ओवायच्या मण्यांच्या संदर्भात ‘काच’ हा शब्द येतो. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या पुराविदांनी भारतीय काचेच्या इतिहासावर लिहिलेला ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ साली प्रकाशित केला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सांकलियांसमवेत तेच होते. पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूचे मणी सागरापार गेले. आंध्रातील पापानायडूपेट येथे तापलेल्या काचेच्या गोळ्यातून लांब नळी ओढून तिचे मणी तोडण्याची पद्धत वंशपरंपरेने चालत आली. वाराणसीच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उत्तर प्रदेशातील पुरदिलनगर हे तर मण्यांचेच गाव. इकडे आपल्या हुपरीने पैंजणांच्या बळावर चांदीनगरी हे नाव मिळविले. काच आणि चांदी या दोहोंत ज्या देशाची बोटे इतकी मुरलेली आहेत, तेथील नवशिक्याने केवळ परदेशी पेटीवरचे चित्र पाहून आरंभ करावा, हे शोभत नाही.

म्हणून आग्रह असा की, आरंभ मण्यापासून करावा आणि चांदी नंतर घ्यावी. यास व्यावहारिक कारणही आहे. चांदीची माती बाजारातील चांदीपेक्षा पुष्कळ महाग पडते आणि चांदी तर डिसेंबर २०२५ मध्ये किलोमागे २ लाख रुपयांपलीकडे गेली. बिघडलेला काचेचा मणी काही रुपयांचे नुकसान करतो आणि बरेच काही शिकवून जातो. पोलादी सळईवर केओलिनसारख्या मातीचा लेप द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, काचेची कांडी ज्योतीत धरावी, टोक मधासारखे झाले की सळई सावकाश फिरवीत ते तिच्यावर घ्यावे. हात थांबला की मणी एका बाजूस ओघळतो. या एका क्रियेत धैर्य, एकाग्रता आणि लय यांची परीक्षा होते. मणी झाला की तो उघड्यावर टाकू नये. नेहमीच्या सोडा-चुन्याच्या काचेचा मणी भट्टीत सुमारे ५०० अंशांवर काही वेळ ठेवून मग हळूहळू निववावा लागतो, अन्यथा आतला ताण तसाच राहतो आणि मणी आज ना उद्या तडकतो. बाटलीची काच आणि बांगडीची काच एकाच मण्यात मिसळण्याचा मोहही टाळावा. तापल्यावर प्रत्येक काचेचे प्रसरण निराळे असते. दोघींचे जमले नाही की मणी दुभंगतो.

सुरक्षिततेविषयी हयगय नको. हवा खेळती हवी, सुती वस्त्रे हवीत, केस बांधलेले हवेत, लेपाची कोरडी भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून सळई पाण्यात भिजवून मणी काढावा. ज्योतीत काचेची पिवळी झळाळी डोळ्यांना त्रासदायक असते, त्यासाठी डायडिमियमचा चष्मा मिळतो. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. स्वयंपाकाचा घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरणे नियमबाह्य आहे. राष्ट्रकार्याच्या गप्पा मारणाऱ्या घराने अनुदानाच्या गॅसवर धंदा करू नये.

मण्यावर हात बसला की मग चांदी. येथे दोन पदार्थांचे स्वभाव समजून घ्यावे लागतात. भाजताना चांदीची माती साधारण ८ ते १० टक्के आकसते, काही प्रकारांत त्याहून अधिक. काच मात्र आकसत नाही. मण्याभोवती मातीचे अखंड कडे घट्ट आवळून बसविले, तर ते भाजताना फाटते. म्हणून कडे अखंड न करता वेलबुट्टी, पान, टोपण अशी मोकळी रचना करावी. नुसती चांदी ज्योतीने भाजता येते, पण काच सोबत असताना थेट ज्योत वर्ज्य. एकदम तापली की काच फुटते. भट्टी सावकाश चढवावी, कमी तापमानाची माती घेऊन ६५० अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवावी, मणी तळाला चिकटणार नाही अशी मांडणी करावी आणि उतरतानाही काचेला निवण्यास वेळ द्यावा. चांदीच्या स्पर्शाने काही काचांवर पिवळसर झाक येते. तो दोष समजावा की सौंदर्य, हे करणाऱ्याच्या दृष्टीवर आहे. भट्टीतून निघालेली चांदी पांढरीफटक दिसते. तारेच्या ब्रशाने घासली की तिचे तेज उजळते.

आता प्रामाणिकपणाचा प्रश्न. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सोन्याचांदीच्या कामातील लबाडीचे प्रकार बारकाईने नोंदविले आहेत. घरगुती उद्योग म्हणजे नियमांतून सूट, अशी समजूत करून घेऊ नये. शुद्ध चांदी असेल तर शुद्ध म्हणावे, ९२५ची असेल तर ९२५ म्हणावे, मुलामा असेल तर मुलामा म्हणावे. मणी स्वतः केला नसेल, तर ज्या गावाचा असेल त्या गावाचे नाव सांगावे. ग्राहकाशी खरे बोलणे हा व्यवसायाचा पहिला संस्कार आहे.

यावर एक आक्षेप येईल. हा तर सुस्थितीतील स्त्रियांचा छंद, यात राष्ट्राचे काय? आणि या छंदाने परंपरागत कारागिराच्या पोटावर पाय येणार नाही का? आक्षेप खोटा नाही. भट्टी, मातीचे पुडके, चष्मा, हा सारा खर्च सामान्य घराला झेपणारा नाही. म्हणूनच तो एकटीने न करता बचतगटाने करावा. एक भट्टी दहा घरांत पुरते. आणि ज्याला हात चालवून मणी कसा होतो हे एकदा कळले, तो बाजारात त्या मण्याला मूठभर मोलाने मोजत नाही. छंदाने निर्माण केलेली ही जाण कारागिराकडे वळविणे, हे आपले काम आहे. पुरदिलनगरचा मणी, हुपरीची चांदी आणि पुण्या-नागपूरच्या भगिनींची कल्पकता यांची सांगड घातली गेली, तर छंदाला अर्थ येईल.

शासनाकडेही एक मागणी केली पाहिजे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने पीएम विश्वकर्मा योजना आरंभिली, ही गोष्ट अभिनंदनीय होती. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि अल्प व्याजाचे कर्ज यांची तीत तरतूद होती. तथापि, आरंभी जे १८ व्यवसाय तिच्यात घेतले गेले, त्यांत सोनार होता, कुंभार होता, खेळणी करणाराही होता. काचेचा मणी करणारा नव्हता. ज्योतीपुढे बसून आपल्या भगिनींचे सौभाग्यलेणे घडविणारा हात विश्वकर्म्याचा नव्हे काय? आपले शासन म्हणून हा प्रश्न गिळून टाकणे म्हणजे निष्ठा नव्हे. आपुलकीनेच, पण ठामपणे, तो विचारला पाहिजे.

भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा दिन हा राष्ट्रीय श्रमदिन म्हणून साजरा करतो. या वर्षी त्या दिवशी आपल्या वस्तीत एखाद्या मणीकारागिराला सन्मानाने बोलवावे, मुलांना ज्योतीपुढे काच कशी वळते ते दाखवावे आणि त्याच्याकडून मणी त्याच्या भावाने, घासाघीस न करता विकत घ्यावेत. जपानची चांदीची माती त्यानंतर घरात आली तर ती पाहुणी म्हणून येईल, आणि तिच्या स्वागताला आपला स्वतःचा मणी तयार असेल.