मासा मेला नाही, एवढे पुरेसे काय?

पर्यावरण संरक्षण नियम, 1986 च्या सहाव्या अनुसूचीत कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी एक कसोटी दिलेली आहे. सांडपाण्यात साधे पाणी न मिसळता मासे सोडावयाचे. 96 तासांनंतर शेकडा 90 मासे जिवंत असले, म्हणजे त्या कसोटीपुरता कारखाना निर्दोष. शिसे, पारा आदींच्या मर्यादा तेथे निराळ्या आहेत; परंतु सजीवाला विचारलेला प्रश्न एवढाच : तू मेलास काय?

मेटाबोलोमिक्स हे शास्त्र त्याच माशाला दुसरा प्रश्न विचारते. पेशींतील चयापचयात शर्करा, अमिनो आम्ले, स्निग्ध द्रव्ये असे असंख्य लहान रेणू घडत व मोडत असतात. माशाच्या यकृताचा अंश मास स्पेक्ट्रोमीटरसारख्या यंत्राने तपासून त्यांतील शेकडो रेणूंचे प्रमाण एकाच वेळी मोजता येते व स्वच्छ पाण्यातील माशाशी ताडून पाहता येते. विषाशी झुंजताना ग्लुटाथिऑनसारखे रेणू खर्ची पडतात, ऊर्जेचा हिशेब बिघडतो. मासा पोहत असतानाच हे दिसू शकते. शिवाय नदीत एकच विष क्वचित असते. प्रत्येक रसायनाची मर्यादा सुटी सुटी पाळली गेली, तरी मिश्रणाने काय घडले ते शरीरच सांगू शकते.

कल्पना अगदी नवी नव्हे. बॅटरीच्या कारखान्यातील कामगाराच्या अंगात शिसे भिनले, की हीमोग्लोबिन घडण्याची क्रिया मध्येच अडते आणि अमिनोलेव्हुलिनिक आम्ल लघवीत उतरते, हे वैद्यकाला कित्येक दशके ठाऊक आहे. तेथे एक रेणू पाहिला जाई, येथे शेकडो.

विल्यम कॅप यांनी 1950 साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावरील आपल्या ग्रंथात दाखविले, की उद्योग आपल्या खर्चाचा काही भाग ताळेबंदाबाहेर, तिऱ्हाइतांच्या माथी ढकलतो. हे ढकलणे सोपे जाते ते पुराव्याच्या अभावी. मेलेला मासा मोजता येतो. अंडी कमी घालणारा, खुरटलेला मासा कोणाच्याच वहीत चढत नाही. त्याची तूट खाडीवरचा कोळी निमूटपणे भरतो.

मात्र यंत्र आले की न्याय आला, असे मानणे भाबडेपणाचे होईल. भोपाळच्या 1984 मधील वायुकांडानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1985 च्या आरंभी चाचणी घेतली. सोडियम थायोसल्फेट दिलेल्या रुग्णांच्या लघवीत थायोसायनेटचे प्रमाण वाढलेले आढळले. विष फुफ्फुसांपाशी थांबले नाही, रक्तात गेले, असे म्हणणाऱ्यांना आधार मिळाला. तरीही ते औषध सर्व पीडितांपर्यंत पोहोचविले गेले नाही. उलट त्याच वर्षी जूनमध्ये, ते देणाऱ्या जनस्वास्थ्य केंद्रावर पोलिसांचा छापा पडला.

उद्या कारखानदारांचे तज्ज्ञ म्हणतील, रेणूंतील बदल म्हणजे इजा नव्हे. ऋतू, अन्न व वय यांनीही ते बदलतात. आक्षेप खोटा नाही. म्हणूनच निरोगी माशांची ऋतुवार नोंद आधीपासून हवी. ती कारखानदाराच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत नव्हे, तर विद्यापीठांत, सार्वजनिक खर्चाने व्हावी आणि तिचे आकडे मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना विनामूल्य मिळावेत. कल्याण-अंबरनाथ पट्ट्याचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या उल्हास नदीपासून प्रदूषण नियंत्रण मंडळाला हा प्रारंभ करता येईल.