वेड्या बाभळीवर फवारा नको, मुळावर घाव हवा

वेडी बाभूळ आणि घाणेरी ही गायराने, ओढ्याकाठ आणि पडीक रान व्यापणारी झुडपे मूळची अमेरिका खंडातली. पहिली ओसाड जमिनीवर सरपण मिळावे म्हणून लावली गेली, दुसरी बागेची शोभा म्हणून आली. ती काढली पाहिजेत, यावर दुमत नाही. वाद पद्धतीचा आहे. पंप पाठीला लावून अख्ख्या रानावर तणनाशक मारणे हा दिसायला सोपा, पण पैसा आणि माती दोन्ही वाया घालवणारा उपाय आहे.

वेड्या बाभळीचे डोळे खोडाच्या तळाशी, जमिनीलगत आणि किंचित खाली असतात. पाला करपला तरी तिथून नवे धुमारे फुटतात आणि एका खोडाच्या जागी झुडूप उभे राहते. पॅराक्वाट फक्त हिरवा भाग जाळते, मूळ जिवंतच राहते. शिवाय ते पोटात गेले तर त्यावर उतारा नाही. ग्लायफोसेट पानातून मुळापर्यंत उतरते, पण खालचे चाऱ्याचे गवतही मारते. उघड्या पडलेल्या जमिनीवर पुन्हा वेडी बाभूळच आधी रुजते. २,४-डी वाऱ्यावर उडून शेजारच्या कपाशीची आणि द्राक्षाची पाने वाकडी करते.

कायदाही स्पष्ट आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरताच मर्यादित केला. तरीही रोजंदारीच्या मजुराच्या पाठीवर पंप चढतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, पण उघड्या अंगाने, हातमोज्यांशिवाय फवारण्याची रीत तणनाशकालाही तीच आहे.

खरा उपाय कुदळीचा. वेडी बाभूळ जमिनीखाली वीतभर खणून, डोळ्यांच्या खाली तोडावी. घाणेरीचे मुख्य मूळ दोन-तीन इंच खाली तोडून झुडूप उलटे टाकावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. जिथे खणताच येत नाही, अशा दगडी बांधावरच औषध वापरावे, तेही लेबलावर परवानगी असेल तेवढेच. खोड तोडल्यावर काही मिनिटांच्या आत, सालीलगतच्या ओल्या कड्यावर ब्रशने लावावे. उशीर झाला की काप सुकतो आणि औषध आत शिरत नाही. मीठ किंवा डिझेल ओतल्याने मातीच बिघडते.

तोडण्याआधी झाड ओळखावे. देशी बाभळीची फुले पिवळ्या गोंड्यांसारखी, शेंगा मण्यांच्या माळेसारख्या. वेड्या बाभळीची फुले लांब तुऱ्यात येतात आणि शेंगा पिवळट, सलग असतात. देशी बाभूळ राखायची आहे. वेड्या बाभळीच्या शेंगा गुरे खातात आणि बी शेणातून रानभर पसरते. म्हणून तोडणी शेंगा पिकण्यापूर्वीच करावी.

एका तोडणीने काम संपत नाही. पुढची दोन-तीन वर्षे पावसाळ्यानंतर नवी रोपे उपटावी लागतात आणि मोकळ्या जागी मारवेलसारखे गवत लावावे लागते. म्हणून ग्रामसभेने गायरानाचा खर्च औषधाच्या कॅनवर नव्हे, मजुरीवर आणि गवताच्या ठोंबांवर मंजूर करावा. मजुरीचा पैसा गावात राहतो आणि चारा जनावरांना मिळतो.