घरांत भरणारा वर्ग

साताऱ्याहून एका भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांच्या धाकट्या दिरांची मुलगी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षांत शिकते. आठवड्यांतून तीनच दिवस ती कॉलेजांत जाते व उरलेले दिवस खोलीचें दार लावून संगणकापुढें बसते. ‘मुलगी घरींच आहे, तर चार पोळ्या लाटून द्यावयास काय हरकत?’ असें सासूबाई विचारतात, आणि त्यांना काय सांगावें हें ह्या भगिनींस सुचत नाहीं.

हाच प्रश्न सांगलीस आमच्या घरींहि उद्भवला होता. त्यामुळें उत्तर केवळ पुस्तकी देऊन चालणार नाहीं.

पूर्वीं प्राध्यापक वर्गांत विषय सांगत व विद्यार्थी उदाहरणें घरीं सोडवीत. आतां पुष्कळ ठिकाणीं हा क्रम उलटला आहे. विषयाचे लहान लहान पाठ ध्वनिचित्रित करून ठेवलेले असतात. ते घरीं ऐकावयाचे, सोबतचें टिपण वाचावयाचें, लगेच छोटी चांचणी द्यावयाची, आणि अडलेलीं उदाहरणें मग वर्गांत प्राध्यापकांसमक्ष सोडवावयाचीं. आय. आय. टी. संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ह्यांनीं ‘एनपीटेल’ ह्या नांवानें असे पाठ २००३ पासून तयार केले. २०१७ सालीं सरकारचें ‘स्वयम्’ निघालें, आणि २०२१ च्या नियमांनीं एका सत्रांतील शेंकडा ४० पर्यंत अभ्यासक्रम त्यावरून घेण्याची मुभा विद्यापीठांस मिळाली. २०२० च्या टाळेबंदींत सारेंच शिक्षण पडद्यावर गेलें, तो नाइलाज होता. हें तसें नव्हे.

तरी एक शंका आम्हांसहि होती. लोखंड हातीं न धरतां इंजिनियर कसा होणार? कुंडलच्या माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली, १९४७ सालीं विश्रामबागेंत इंजिनियरिंग कॉलेज निघालें, तेच आजचें वालचंद. साताऱ्यास तर भाऊराव पाटलांनीं अंगमेहनतीलाच शिक्षणांत स्थान दिलें. अशा मुलखांतील माणसास पडद्यावरची विद्या एकदम पटत नाहीं.

पुतणीनें ही शंका फेडली. विजेच्या मंडलाची जोडणी ती आधीं ‘आभासी प्रयोगशाळें’त, म्हणजे पडद्यावरच, करून पाहते. तेथें तार चुकली तरी फ्यूज उडत नाहीं, आणि पांच वेळां चुकलें तरी कोणी हंसत नाहीं. मग कॉलेजांत खऱ्या उपकरणांशीं गांठ पडते तेव्हां हात धीट झालेला असतो. मात्र कानशीनें धातु घासतांना हाताला जो अंदाज येतो तो पडद्यावर मिळत नाहीं, हें तीहि कबूल करते; त्यासाठीं कॉलेजांतच गेलें पाहिजे.

आतां आमची चूक सांगतों. गेल्या वर्षीं तिला एक चांचणी ठरलेल्या पाऊण तासांत द्यावयाची होती. तेवढ्या वेळांत घरांतून तिला तीनदां हांक गेली: एकदां गॅसवाल्यास पैसे द्यावयास, एकदां पाहुण्यांचा चहा करावयास, आणि एकदां प्रस्तुत लेखकाचा चष्मा शोधावयास. वेळ संपली व चांचणी आपोआप मिटली. मुलगी कांहीं बोलली नाहीं. गुण लागले तेव्हां आम्हांस कळलें. त्याच वेळीं माडीवर तिचा चुलतभाऊ दार लावून अभ्यास करीत होता, व त्याला कोणींहि हांक मारली नव्हती. ही गोष्ट प्रथम आमच्या मातोश्रींनींच बोलून दाखविली.

तेव्हांपासून तिच्या पाठांचें व चांचण्यांचें वेळापत्रक स्वयंपाकघरांत दिनदर्शिकेशेजारीं लटकतें, आणि तितका वेळ माडीवरची खोली तिची. भगिनींनीं सासूबाईंस असेंच वेळापत्रक वाचून दाखवावें. ‘घरीं आहे’ ह्यापेक्षां ‘वर्गांत आहे’ हे शब्द त्यांना लवकर पटतील. पोळ्या ती वर्ग सुटल्यावर लाटीलच. आमच्याकडे सध्यां कणीक तिचा चुलतभाऊ भिजवितो. पहिले आठ दिवस ती फार सैल होत असे.